डोंगरावरचं डोंगरावर

डॉक्टरांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता. मी त्याचं धडधडीत खोटं उत्तर दिलं आणि त्यापायी मरता मरता वाचले. हे लिहायला बसले ते एवढ्यासाठीच. माझ्या वयाच्या ज्या बायका घरी एक सांगून दुसरीकडे जातात (पुरुषही जातात, पण त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही), त्यांनी खुशाल जावं. फक्त ताप आला आणि डॉक्टरांनी विचारलं, की खरं सांगावं. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

बाकीच्यांना सुरुवातीपासून सांगते.

पाचजणी

सुधा, शैला, मंगल, मी आणि कुसुम. शनिवार पेठेत हाकेच्या अंतरावर वाढलो, एकाच कॉलेजात गेलो आणि पहिल्याच वर्षी भर पावसात कॉलेजच्या शिबिराबरोबर तोरणा चढून आलो. तिथून जे वेड लागलं ते लागलंच. पुढच्या वर्षीपासून आमच्या आम्हीच जायला लागलो. स्वारगेटहून सकाळची पहिली एसटी पकडायची. कात्रजचा घाट चढताना खिडकीतून थंड वारा आत आला की सुधा गायला लागायची आणि कंडक्टर मागे वळून बघायचा. घरून निघताना साडी. पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी गोठ्यात शिरून भावाची जुनी पँट चढवायची, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ. संध्याकाळी पुन्हा त्याच गोठ्यात साडी. त्या वासाच्या साड्या आमच्या आयांनी कशा काय खपवून घेतल्या, देव जाणे.

पावसाळ्यात डोंगरावर ढग उतरला की चार हातांवरचं माणूस दिसत नाही. त्यासाठी आम्ही एक पद्धत पाडली होती. सुधा सगळ्यांत पुढे, कुसुम सगळ्यांत मागे. सुधा ओरडायची, "एक!" मागून शैला "दोन!", मंगल "तीन!", मी "चार!" आणि शेवटी कुसुमचा खणखणीत "पाच!" पाच ऐकू आलं की चालायचं. मागचा आकडा आला नाही तर आपण आपलाच आकडा पुन्हा पुन्हा ओरडत उभं राहायचं. तो येईपर्यंत कुणीही पाऊल उचलायचं नाही. चाळीस वर्षांत आम्ही हे एकदाही मोडलं नाही.

दुसरा नियम दुसऱ्या वर्षी झाला. सुधा शेवाळावरून घसरली, कोपर सोलवटलं आणि तिने ते घरी आईला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत बातमी पाचही घरांत पोचली आणि पाचही घरांनी आमचा उरलेला पावसाळा बंद करून टाकला. तेव्हा ठरलं, डोंगरावरचं डोंगरावर. पडणं, धडपडणं, वाट चुकणं, काही म्हणजे काही घरी सांगायचं नाही. जी सांगेल तिचा पुढचा एक पावसाळा बंद.

लग्नानंतर मंगलने तिच्या नवऱ्याला पायाला जळवा लागल्याचं सांगितलं. बाकीच्या आम्ही सोडून देणार होतो. कुसुम ऐकेना. ती तेव्हा शाळेत गणित शिकवायला लागली होती आणि नियम तिला बहुधा बाळगुटीतूनच पाजले होते. "आज हिला सोडलं तर उद्या कुणीही बोलेल," म्हणाली. मंगल रडली, पण घरी बसली. त्या पावसाळ्यात सुधा एक, शैला दोन, मग थोडा वेळ कुणीच काही नाही, आणि मग मी चार. ती मधली रिकामी जागा मला अजून आठवते.

मी बँकेत लागले. आमचे हे, म्हणजे वसंतराव, पाटबंधारे खात्यात. खडकवासल्याच्या वर कुठे किती पाऊस पडला याच्या नोंदी ठेवायच्या, हे त्यांचं काम. घरीही त्यांची एक पावसाची वही असायची. दर पावसाळ्यात दोन-तीन रविवार मी बँकेच्या शिबिराला, नाहीतर कुसुमच्या शाळेच्या सहलीला जायचे. त्यांनी कधी खोलात जाऊन विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मुलगी झाली, ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, मी निवृत्त झाले, शिबिरं संपली. मग आम्ही देवदर्शनाला जायला लागलो.

गवतातली झोप

बासष्टाव्या वर्षी माझा गुडघा कुरकुरायला लागला. मुलीने, मुग्धाने, फर्मान काढलं, "आई, जिने चढायचे नाहीत. आय अ‍ॅम सिरियस." मी मान डोलावली. त्याच भाद्रपदात घरी सांगितलं, भोरकडे देवळं बघायला जातोय, गाडी करून. गाडी केली होती हे खरं. ती राजगडाच्या पायथ्याशी थांबली.

अर्ध्या वाटेवरच्या पठारावर पोचलो तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. गुडघाभर गवत, मधूनमधून तेरडा, सोनकीची पिवळी फुलं. पोळी-चटणी खाल्ली आणि पाचहीजणी तशाच गवतात आडव्या झालो. पावसाची सर येऊन तोंडावर पडली तेव्हा जाग आली. तशी झोप मला त्याआधी कित्येक वर्षांत लागली नव्हती. पुढे जे झालं ते त्या झोपेतूनच झालं, तरीही तिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

चारेक दिवसांनी कमरेशी, सलवारीच्या नाडीखाली, एक लहानसा फोड आला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. मग त्याची काळी खपली झाली. काटा लागला असेल म्हणून मी तिकडे बघितलंही नाही.

व्हायरल

त्यानंतर आठवड्याभरात ताप आला. आधी हुडहुडी, मग डोकं असं दुखायला लागलं की उजेड नको झाला. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, व्हायरल. त्या दिवसांत पुण्यात प्रत्येकाला व्हायरलच होतं, त्यामुळे आम्हीही निश्चिंत. चौथ्या दिवशी रक्त तपासलं. डेंग्यू नाही. मलेरिया नाही. सहाव्या दिवशी न्हाणीघरातून पलंगापर्यंत येताना धाप लागली आणि ह्यांनी रिक्षा बोलावली. रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण भर रस्त्यात हात धरायची ही पहिलीच वेळ. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बारीक चणीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण विचारणं शांत आणि चौकस.

"काकू, गेल्या पंधरा-वीस दिवसांत बाहेरगावी कुठे? शेतात, रानात, गवतात वगैरे?"

हे शेजारीच उभे होते.

"छे हो," मी म्हणाले, "देवदर्शनाला गेलो होतो. गाडीने."

"कुठे काही चावलं? अंगावर पुरळ, जखम?"

"काही नाही."

त्यांनी लिहून घेतलं. आज वाटतं, तेव्हा एक वाक्य खरं बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आकडा ओरडावा तितक्या सहज ते खोटं माझ्या तोंडून आलं. मुरलेलं होतं.

वॉर्ड

हॉस्पिटलातला दिवस लवकर सुरू होतो आणि मग संपत नाही. थर्मामीटर, चहा, फिनेलचा वास, सुई, डॉक्टरांची फेरी, पुन्हा सुई. शिरा सापडेनात म्हणून दोन्ही हात निळे झाले. तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं. मूत्रपिंडावर सूज आहे असं कुणीतरी दाराशी हळू आवाजात बोललं आणि ते मला स्पष्ट ऐकू आलं. आजारी माणसाला बहिरं समजू नये, ही माझी सर्व नातेवाइकांना विनंती.

वॉर्डात एक मावशी होत्या. मावळातल्या कुठल्याशा गावच्या. पाच दिवस विंचरले नव्हते म्हणून माझ्या केसांचं भेंडोळं झालं होतं. त्यांनी आपल्या कामातून वेळ काढून तेल लावलं, गुंता सोडवला आणि घट्ट वेणी घातली. "आता बरं दिसतंय बघा. लेक येनार हाय ना तुमची?" म्हणाल्या. मी रडले. इतक्या औषधांत त्या वेणीने जितकं बरं वाटलं तितकं कशानेच नाही.

मुग्धा आली की डॉक्टरांशी भांडायची, हे मुग्धाशी भांडायचे. "बाबा, तुम्ही दोन दिवस आधी का नाही आणलं?" "तुला फोन केला तेव्हा तू मीटिंगमध्ये होतीस." दोघंही घाबरलेली होती आणि एकमेकांवर काढत होती. मी डोळे मिटून ऐकायचे. घरात माझ्यामुळे भांडण लागलंय हे तापापेक्षा जास्त लागत होतं.

मैत्रिणी भेटून गेल्या. सुधा, शैला, मंगल. पलंगाशी उभ्या राहिल्या, मोसंबी ठेवली, ह्यांना "काळजी घ्या" म्हणाल्या. डॉक्टरीणबाई ह्यांना पुन्हा तेच विचारत होत्या, कुठे गेल्या होत्या का, आणि हे पुन्हा तेच सांगत होते, देवदर्शन. तिघींनी ऐकलं आणि तोंडाला कुलूप घातलं. त्यांच्यावर मी रागावलेली नाही. मीही तेच केलं असतं. व्हायरलच असणार, त्याचा डोंगराशी काय संबंध, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कुसुम त्या वेळी पुण्यात नव्हती, मुलाकडे गेली होती.

चार

पुढचं मला आठवत नाही, सांगितलेलं लिहिते.

मला अतिदक्षता विभागात हलवलं. मी भ्रमात गेले होते आणि एकच शब्द बोलत होते. "चार." थोडं थांबून पुन्हा, "चार." ह्यांना वाटलं मी वेळ विचारतेय. "अगं, चार वाजून गेले," असं ते सांगत राहिले. मुग्धाला वाटलं चौथा मजला. सिस्टरने चार नंबरचा पलंग कुणाचा ते बघितलं. दीड दिवस हे चाललं होतं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जवळच्या लोकांना कळवून ठेवा.

त्या दुपारी कुसुम परगावाहून थेट हॉस्पिटलात आली, हातात पिशवी तशीच. भेटायच्या वेळेत एकालाच आत सोडायचे. हे बाहेर आले, ती आत गेली. मी म्हणत होते, "चार... चार..."

कुसुमने पिशवी खाली ठेवली, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "पाच."

मी गप्प झाले. अगदी गप्प, झोपल्यासारखी. सिस्टर म्हणे घाबरून धावत आली.

कुसुम तशीच बाहेर आली. दाराशी डॉक्टरीणबाई आणि हे बोलत उभे होते. ह्यांच्या देखतच ती म्हणाली, "डॉक्टर, ही देवदर्शनाला गेली नव्हती. आम्ही राजगडावर गेलो होतो. गवतात झोपलो होतो, तासभर. भावोजी, माफ करा. चाळीस वर्षं जातोय."

ह्यांनी भिंतीला हात टेकला, असं ती सांगते. डॉक्टरीणबाईंनी मात्र आणखी काही ऐकून घेतलं नाही. आत आल्या, सिस्टरला घेऊन मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. कमरेशी नाडीच्या जागी ती काळी खपली होती, आणि ती बघताच त्यांना काय ते कळलं. गवतातला डोळ्यांनाही न दिसणारा किडा, त्याचा चावा आणि त्याने येणारा ताप. नाव स्क्रब टायफस. औषधं साधी, कित्येक वर्षं वापरातली. पण ती आधी कुणाच्या डोक्यात यायला हवीत, आणि त्यासाठी पेशंटने तोंड उघडायला हवं.

दोन दिवसांत ताप उतरला. शुद्धीवर आले तेव्हा समोर हे बसलेले होते, दाढी वाढलेली. मी पाणी मागितलं. त्यांनी पाजलं. बोलले काहीच नाहीत.

पावसाची वही

घरी आल्यावरही चार दिवस ते बोलले नाहीत. औषध वेळेवर, मोसंबी सोलून वाटीत, उशी सारखी करून. बोलणं नाही. पुण्यातल्या माणसाचा राग असाच असतो, सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. पाचव्या दिवशी मीच म्हणाले, "ओरडा तरी."

त्यांनी मोसंबी खाली ठेवली. "चाळीस वर्षं," म्हणाले, "तू मला घाबरायचीसुद्धा संधी दिली नाहीस, नलिनी."

मला वाटायचं मी त्यांची काळजी वाचवतेय. खरं तर मी माझा पावसाळा वाचवत होते. ते त्यांना कळलं होतं आणि आता मलाही कळलं.

मग रोज दुपारी मी त्यांना एकेक डोंगर सांगायला लागले. बाकी मला काही करताही येत नव्हतं, पाय काठीसारखे झाले होते, बाल्कनीपर्यंत जाऊन आले की दमायचे. रायरेश्वराच्या पठारावर पाच तास वाट चुकलो ते सांगितलं. पुरंदरला एका म्हातारीने चुलीपुढे बसवून आमचे कपडे वाळवले आणि नाचणीची भाकरी दिली, ते. तोरण्याच्या धारेवर माझा पाय सटकला आणि मागून कुसुमने माझी वेणी धरून मला वर खेचलं, तेही सांगितलं. खाली दरी होती. आठ दिवस डोक्याची कातडी दुखत होती. घरी मी म्हणाले होते, ऊन लागलं.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मुग्धा पाच वर्षांची होती. ते उठले, माळ्यावरची जुनी वही काढून घेऊन आले, चष्मा लावला आणि पानं उलटली. त्यांना तो रविवार सापडला.

"त्या दिवशी वरती पावसाने थैमान घातलं होतं," ते वाचत वाचत म्हणाले. "धरणाचे दरवाजे उघडले होते. मी मुग्धाला पाणी बघायला खडकवासल्याला घेऊन गेलो होतो. तिने विचारलं, आई कुठेय? मी म्हटलं, शिबिरात, कोरडी ठणठणीत."

त्यांनी वहीचं ते पान माझ्यापुढे धरलं. मग ते हसले. आधी जरासे, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी पण. त्यानंतर रोज जेवण झालं की वही घेऊनच बसायचे. मी डोंगर सांगायचे आणि ते पाऊस सांगायचे. माझ्या आजारपणातले ते दोन महिने मला कुणी परत दिले तर मी घेईन, तापासकट.

पायथा

पुढच्या श्रावणात डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. अंगभर कपडे, गवतात लोळायचं नाही आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. वर्षभर मी एकाच गोष्टीसाठी औषधं गिळली होती, बाल्कनीच्या फेऱ्या मारल्या होत्या. मला पुन्हा डोंगरावर पाय टाकता येईल का? बाकी बरं होणं मला दुय्यम होतं, हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

गाडी राजगडाच्या पायथ्याला थांबली. या वेळी हेही आले होते, छत्री आणि वही घेऊन. आम्ही पिशव्या पाठीला लावल्या. कुसुम मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसली.

"चल की," मी म्हणाले.

"माझा पावसाळा बंद आहे," ती म्हणाली. "मी घरी बोलले. तुझ्या घरी, पण बोललेच."

आम्हाला वाटलं ती गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. सुधाने समजावलं, शैलाने हात जोडले. मंगल म्हणाली, "कुसुम, मी तुला केव्हाच माफ केलंय." कुसुम म्हणाली, "म्हणूनच. तुला एक न्याय आणि मला दुसरा, असं नाही चालायचं."

मी तिच्याजवळ बसले. जिच्यामुळे मी इथवर आले तीच खाली बसणार होती. "मग मीही नाही जात," मी म्हणाले.

"तू गेली नाहीस तर मी बोलून काय उपयोग झाला?" ती म्हणाली. "ऊठ."

हे मध्ये पडले. "कुसुमताई, माझ्यासाठीच नियम होता ना? मग माझ्यातर्फे तुम्हाला माफी."

"भावोजी, तुम्ही सभासद नाही," कुसुम म्हणाली.

त्यांनी छत्री मिटली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.

आम्ही चौघी निघालो. मला फक्त पहिल्या टेकाडापर्यंत जायचं होतं, तेवढीच ताकद होती. शेतं संपली, वाट चढायला लागली, पायाखाली तीच लाल, चिकट माती. एका वळणावर ढग उतरला आणि पुढची मंगल दिसेनाशी झाली. सुधाची हाक आली.

"एक!"

"दोन!"

"तीन!"

"चार!" मी ओरडले आणि थांबले. मागे कुणीच नव्हतं. मला माहीत होतं की मागे कुणी नाही. तरी सवयीने मी तोंड पायथ्याकडे वळवलं आणि पुन्हा ओरडले, "चार!" वर तिघीही थांबल्या होत्या. कुणी पाऊल उचललं नाही.

मी तिसऱ्यांदा ओरडले.

खालून, देवळाच्या बाजूने, ढगातून आवाज आला. लांबून, पण खणखणीत. "पाच!"

मी डोळे पुसून वळणार, इतक्यात खालून आणखी एक आवाज आला. पुरुषी, जरा संकोचलेला, आयुष्यात पहिल्यांदाच डोंगराकडे तोंड करून ओरडणाऱ्या माणसाचा.

"सहा!"

सुधाने वरून हाक दिली, "चला!" आणि आम्ही चालायला लागलो.